सोनेरी रंगाखालची अक्षरं

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. पोलीस खात्यातल्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा ही वगळावी असंच मनात होतं. एक तर ती नोकरीतली नाही, निवृत्तीनंतरची आहे. दुसरं म्हणजे ती परदेशात, माझ्या स्वतःच्या मुलीच्या संसारात घडली. पण इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या घरातली लाज मी पंचनाम्यात लिहिली, तेव्हा आपल्या घराजवळची झाकून ठेवणं बरोबर वाटेना. माणसांची नावं मी देत नाही.

माझी बरीचशी नोकरी मुंबईत, गुन्हे शाखेत गेली. त्यातली काही वर्षं बेकायदा शस्त्रांच्या कामात. गावठी कट्ट्यांपासून जुन्या विलायती पिस्तुलांपर्यंत बरंच काही हातांखालून गेलं. मुद्देमालातलं हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवण्याआधी त्याच्यावरची प्रत्येक खूण टिपून घ्यावी लागते: क्रमांक, कारखान्याचं चिन्ह, तपासणीचे शिक्के. बाकीचे अधिकारी या कामाला कंटाळत. मला त्यात गोडी लागली. प्रयोगशाळेतले एक वयस्कर तज्ज्ञ होते, ते एकेक शिक्का भिंगाखाली दाखवून त्याची हकीकत सांगत. हत्याराचा मालक खोटं बोलतो, हत्यार बोलत नाही, असं ते म्हणायचे.

माझी मुलगी आणि जावई दोघंही तोक्योत आयटीत आहेत. राहायला तिथल्याच फुनाबोरी भागात. पत्नी गेल्यानंतर मुलगी मला आग्रहाने तीन महिन्यांच्या व्हिसावर घेऊन गेली. दिवसभर दोघं कामावर, मी घरात. कचऱ्याचे कोणते डबे कोणत्या वारी बाहेर ठेवायचे हे पाठ करणं आणि कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीकडे, तिथे तिला कोबान म्हणतात, येता-जाता पाहणं एवढाच माझा उद्योग. चौकीतला हवालदार मला ओळखू लागला होता. मी थोडा वाकायचो, तो थोडा वाकायचा.

तिथल्या मराठी मंडळींनी त्या वर्षी एक रहस्यनाटक बसवायला घेतलं होतं. माझी मुलगी त्यात नायिका आणि जावई तिचा नवरा. दुसऱ्या अंकात ती नवऱ्यावर पिस्तूल रोखते आणि चाप ओढते, असा प्रसंग. पिस्तूल आणलं होतं मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी. त्यांना सगळे काका म्हणत. ते तरुणपणी एका व्यापारी कंपनीतर्फे कोबे शहरात आले, तिथल्याच जपानी मुलीशी लग्न केलं आणि म्हातारपणी लेकीजवळ राहावं म्हणून फुनाबोरीला आले. गणपतीच्या आरतीला पहिला आवाज त्यांचा असायचा. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकू पुण्याच्या सासूच्या हाताखाली मराठी शिकलेल्या. हळू बोलत, पण स्वच्छ बोलत.

खबर नेहमी खबऱ्याच देतो असं नाही. बऱ्याचदा ती जेवणाच्या ताटावर मिळते. एका शुक्रवारी जेवताना मुलगी मनगट चोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, नाटकातलं ते पिस्तूल फार जड आहे, आणि त्याचा चाप हलतच नाही, रंगाने घट्ट बसलाय. जावई म्हणाले, उद्याच्या तालमीत तेल घालून मोकळा करतो.

मी विचारलं, "रंग कसला?"

"सोनेरी. इथे मॉडेल गन सोनेरी किंवा पांढरीच लागते, बाबा. कायदाच आहे तसा."

ते मला ठाऊक नव्हतं. पण खेळण्यातल्या पिस्तुलाचा चाप रंगाने घट्ट बसतो हे काही पटेना. खेळणं कारखान्यातून रंगून येतं. चाप रंगाने धरलाय, म्हणजे कुणीतरी घरात बसून ब्रशने रंगवलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याबरोबर तालमीला गेलो. वॉर्डाच्या समाजमंदिरातली एक खोली होती, भाड्याने घेतलेली. नटमंडळी चहा घेत होती. पिस्तूल टेबलावर पडलं होतं. मी जवळ गेलो आणि हात लावायच्या आधी ते नीट पाहून घेतलं. नळीच्या तोंडात पुट्टी भरलेली होती आणि सगळ्यावर जाड सोनेरी थर. पण मुठीचं लाकूड. त्यावरची जाळीदार नक्षी एका बाजूने गुळगुळीत झालेली, जिथे माणसाचा तळवा घासतो तिथेच. खेळण्याची मूठ अशी झिजत नाही.

मी नळी रिकाम्या भिंतीकडे राहील असं ते उचललं आणि मुलीकडे एक सेफ्टी पिन मागितली. डाव्या बाजूला, मागच्या अंगाला एक छोटी कळ होती. तिच्याजवळचा रंग पिनेने हळूहळू खरवडला. आधी एक वाकडा बाण दिसला, मग चार अक्षरं. आर, यू, एस, टी.

जावई खांद्यावरून वाकून बघत होते. हसून म्हणाले, "रस्ट. गंज. गंजलंय असं लिहून ठेवलंय की काय?"

मला हसू आलं नाही. तो शब्द इंग्रजी नव्हता, डच होता. डच भाषेत त्याचा अर्थ विसावा. कळ त्या जागी असली की पिस्तूल विसाव्यात, म्हणजे सुरक्षित. इथे ती त्या जागी नव्हती. डचांनी त्यांच्या जावा-सुमात्रातल्या सैन्यासाठी जर्मन बनावटीची पिस्तुलं घेतली होती. त्यांच्यावर जर्मन शब्दांऐवजी डच शब्द कोरलेले असत. आमच्या त्या तज्ज्ञांनी हे एकदा जप्तीतल्या पिस्तुलावर दाखवलं होतं. खात्री करायला मी नळीच्या मुळाशी थोडा रंग काढला. तिथे राजमुकुट आणि त्याखाली डब्ल्यू, त्यांच्या तेव्हाच्या राणीचं आद्याक्षर. चापाभोवतीच्या कड्यावरचा रंग खरवडला, तर त्याला एक पितळी पट्टी डाक देऊन बसवलेली निघाली. त्या सैन्यात हत्यार कोणत्या तुकडीचं आहे हे सांगायला तशी पट्टी लावत. पट्टीवर तुकडीची अक्षरं आणि क्रमांक होता.

मग मी अंगठा वरच्या बाजूने फिरवला. या जातीच्या पिस्तुलात वर एक चपटी पट्टी असते. आत गोळी नसेल तर ती सपाट बसलेली असते. नळीत गोळी असेल तर किंचित उचलून येते आणि तिच्या बाजूवर कोरलेला शब्द दिसू लागतो. माझ्या अंगठ्याला ती उचललेली लागली. पिनेचं टोक मी एकदाच फिरवलं. 'गेलाडेन'. भरलेलं.

मी ते होतं तसं, भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवलं आणि घरची माणसं व काका सोडून बाकी सगळ्यांना शांतपणे बाहेर जायला सांगितलं. आवाज वरिष्ठाचा असला की माणसं का म्हणून विचारत नाहीत, एवढं नोकरीने शिकवलं होतं. खोलीत मी, मुलगी, जावई आणि काका एवढेच राहिलो. मी त्यांना सांगितलं की हे खरं पिस्तूल आहे, नळीत गोळी आहे, आणि आजवर रंग चापाला धरून बसला म्हणून निभावलं, आज तेल घातल्यावर दुसऱ्या अंकात काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

मुलगी टेबलापासून मागे सरली. जावयांनी हातातली तेलाची बाटली खाली ठेवली. काका मात्र म्हणत राहिले, अहो, ते मॉडेल आहे, माझ्या सासऱ्यांना मॉडेलचा शौक होता, हिनेच मला सांगितलंय, तीस वर्षं आमच्या कपाटात आहे.

खरी तालीम त्यानंतर झाली. मी म्हणालो, पोलिसांना फोन लावा. जावयांनी फोन काढला आणि हातातच धरून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, की या देशात पिस्तूल बाळगणं फार मोठा गुन्हा आहे. खोली मंडळाच्या नावावर घेतलीय. चौकशी होईल, ऑफिसला कळेल, आमचा कायम वास्तव्याचा अर्ज नुकताच गेलाय. मग माझी मुलगी बोलली. माझ्याकडे न बघता बोलली.

"बाबा, नदी पाच मिनिटांवर आहे. ते पाण्यात गेलं तर कोणालाच काही होणार नाही."

ती पुन्हा म्हणाली, "तुम्ही इथे पोलीस नाही आहात."

आयुष्यात असं बोलणं मी शेकडो तोंडांतून ऐकलं होतं. चाकू विहिरीत टाका, कपडे जाळा, साहेब, तुम्ही बघितलंच नाही असं समजा. त्या माणसांना मी काय काय बोललो होतो. आता तेच शब्द त्या मुलीच्या तोंडून आले, जिला मी पोलीस लाइनीत वाढवलं. मला तिचा राग आला नाही. लाज वाटली, आणि ती तिच्यापुरतीच नव्हती. कारण तिचं बोलणं ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती नदी आणि तिच्यावरचा पूल येऊन गेला होता.

मी काकांना म्हणालो, काकूंना बोलावून घ्या.

त्या सायकलवरून आल्या. दारातून टेबलाकडे पाहिलं आणि चप्पल काढून तिथेच थांबल्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे मी टिपलं. निरपराध माणूस अशा वेळी आधी विचारतो, काय झालं. त्यांनी विचारलं नाही.

मी त्यांना खुर्ची दिली आणि हे कुठून आलं एवढंच विचारलं. त्या सांगू लागल्या. वडील दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून जावा बेटावर होते. तिथे एका डच मळेवाल्याशी त्यांची मैत्री झाली. त्याचा कॉफीचा मळा होता, घरापुढे केळी होत्या, त्याची बायको पियानो वाजवायची. वडील आजारी होऊन लढाई संपायच्या आधीच मायदेशी परत निघाले, तेव्हा त्याने आठवण म्हणून आपलं पिस्तूल दिलं.

खोटं बोलणारा माणूस न विचारलेला तपशील देतो. पिस्तुलाबद्दल विचारावं आणि उत्तरात पियानो यावा, म्हणजे ती गोष्ट कुणीतरी खूप वेळा मनात घोळवलेली असते. पण समोर सत्तरी ओलांडलेली बाई होती आणि मी काही ठाण्यात बसलो नव्हतो. मी आवाज चढवला नाही. टेबलाशी जाऊन ती पितळी पट्टी त्यांना लांबून दाखवली आणि म्हणालो, "काकू, ही सैन्याची पट्टी आहे. मळेवाल्याच्या पिस्तुलावर ही नसते. हे सरकारी हत्यार होतं, एका शिपायाच्या किंवा अधिकाऱ्याच्या कमरेचं. आणि असं हत्यार कोणी भेट देत नाही."

त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. मला वाटतं, रंगवताना ती त्यांच्या ब्रशखालून गेली असणार, पण तिचा अर्थ त्यांना कळला नव्हता. काका त्यांच्याशी जपानीत काहीतरी बोलले. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, बहुधा आम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून.

"अहो, मी तुमच्याशी खोटं बोलले. ते मॉडेल नाही, मला माहीत होतं."

मग त्यांनी सांगितलं. मळा, केळी, पियानो हे सगळं वडिलांनी त्या लहान असताना सांगितलेलं. आजारपणात मात्र त्यांनी खरं सांगितलं. समोरच्या डच सैन्याने शस्त्रं खाली ठेवली होती. तो माणूस हात वर करून उभा होता. वडिलांनी त्याच्या कमरेचं पिस्तूल काढलं आणि त्याच पिस्तुलाने त्याला मारलं. कोणाचा हुकूम नव्हता. परत आल्यावर, लढाई हरल्यावर, त्यात एक गोळी त्यांनी स्वतःसाठी ठेवली. ती झाडायचं धैर्य त्यांना झालं नाही आणि पिस्तूल टाकून द्यायचंही झालं नाही.

वडील गेल्यावर कोबेचं घर रिकामं करताना ते तेलकट कापडात गुंडाळलेलं मिळालं. पोलिसांकडे नेलं असतं तर त्यांनी काही केलं नसतं, जुनी घरं आवरताना अशी हत्यारं निघतात, लोक नेऊन देतात. पण कुठून आलं हे विचारलं असतं. वडिलांचं नाव त्यांनी ज्या गल्लीत आदराने घेतलेलं ऐकलं होतं, त्या गल्लीत ते बोलायचं नव्हतं. म्हणून दुकानातून सोनेरी रंग आणला.

मी विचारलं, काकांनी ते नाटकाला दिलं हे तुम्हाला कधी कळलं?

"परवा. कपाट आवरताना पेटी हलकी लागली."

"आणि गोळी आत असेल हे माहीत होतं?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. माझ्या मुलीकडे वळल्या. "तू ते हातात घेणार आहेस, हेही माहीत होतं. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तालीम झाली की परत आणीन, कोणाला सांगावं लागणार नाही, असं म्हणत राहिले."

एवढं बोलून त्या खुर्चीवरून उतरल्या, जमिनीवर गुडघे टेकले आणि माझ्या मुलीसमोर कपाळ फरशीला लागेपर्यंत वाकल्या. मुलगी त्यांना उठवायला धावली. त्या उठेनात. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लोकांना गुन्हा कबूल करताना मी खूप पाहिलं आहे. कबुलीनंतर माणूस हलका होतो, पाणी मागतो, कधी कधी तिथेच झोपतो. या बाई हलक्या झाल्या नाहीत.

उठल्यावर त्यांनी जावयांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. त्यांनी तो दिला. काकूंनी स्वतः पोलिसांचा क्रमांक फिरवला, आपलं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पुढचं मला कळलं नाही, पण वडील हा शब्द एव्हाना मला जपानीत ओळखता येत होता. तो त्यांनी टाळला नाही.

आधी कोपऱ्यावरचा तो हवालदार सायकलवरून आला, मग गाड्या आल्या. सगळी इमारत रिकामी केली. कवच घातलेल्या माणसांनी पिस्तूल नेलं. गोळी खरी होती. जुनी झाली होती, पण उडाली असती असं नंतर कळलं. आणि पुट्टीने बंद केलेल्या नळीत उडाली असती तर समोरचा आणि चालवणारी दोघंही गेली असती. मला ठाण्यात नेऊन दुभाष्यामार्फत जबाब घेतला. पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. व्यवसाय विचारल्यावर मी निवृत्त पोलीस अधिकारी असं सांगितलं, तेव्हा समोरचा तरुण अधिकारी उठून उभा राहिला आणि वाकला. माझ्या जबाबात सगळं होतं, फक्त नदीचं बोलणं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या नमस्काराला मला नीट उत्तर देता आलं नाही.

काकूंना पुष्कळदा बोलावलं गेलं. कागदपत्रं सरकारी वकिलाकडे गेली. वय आणि स्वतःहून दिलेली खबर बघून खटला भरला नाही. मंडळाला समज मिळाली. नाटक पुढच्या महिन्यात झालं, पिस्तुलाचा प्रसंग काढून टाकून. कोणाच्या अर्जाला काही झालं नाही, व्हिसा कोणाचा अडला नाही. ज्या भीतीने आम्ही पाण्याकडे बघितलं, त्यातलं काहीच घडलं नाही. पण काका आरतीला यायचे बंद झाले, आणि त्यांना कोणी बोलवायलाही गेलं नाही.

माझ्या परतीच्या दोन दिवस आधी मुलगी म्हणाली, बाबा, आपण त्यांच्याकडे जाऊन येऊ. तिने घरून पुरणपोळ्या करून नेल्या. काकूंनी चहा केला. मुलगी त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही फोन केलात. मी ते नदीत टाकायला निघाले होते. तुम्ही माझ्यापुढे वाकलात, ते मला सहन होत नाही." काकूंनी तिचा हात धरून ठेवला. ही हकीकत छापण्याआधी मी मुलीला वाचून दाखवली. नदीचं वाक्य काढू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली.

निघताना काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. पोलिसांनी त्या पट्टीवरचा क्रमांक डच लोकांकडे पाठवलाय, असं त्या म्हणाल्या. त्यावरून तो माणूस कोण होता हे कळेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं. तुकडी कळेल. माणूस कळेलच असं नाही, इतक्या वर्षांनी कागद उरले असतील की नाही कोण जाणे.

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "वडिलांना माहीत होतं. मरायच्या आधी त्या माणसाने आपलं नाव सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा. घरी कोणीतरी कळवावं म्हणून. वडिलांनी ते पाठ ठेवलं होतं. शेवटच्या आजारात मला विचारलं, सांगू का. मी नको म्हणाले."

माणसांना बोलतं करणं हा माझा धंदा होता आणि त्यात मी बरा होतो असं वरिष्ठ म्हणत. पण जो आपण होऊन सांगायला तयार असतो, त्याचं ऐकून घ्यायला घरात कोणी लागतं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. लाजेने माणूस खोटं बोलतो, एवढंच मी आजवर समजत होतो. लाजेने माणूस ऐकायचंही नाकारतो. आणि मग एखादं नाव कायमचं जातं.